वाळलेली माती टाकू नका

श्रावणाचा महिना होता. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावी आम्ही रात्रीच्या वर्गासाठी जात होतो. रोवणी आटोपली होती. धानाच्या बांध्या हिरव्यागार दिसत होत्या. गावचा तलाव काठोकाठ भरला होता. पोळा सोळा दिवसांवर आला होता.

वर्गात एक बाई रोज पुढच्या रांगेत बसत. त्या दिवशी त्या आल्या नाहीत. म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो. घर कुंभाराचे. पडवीत मातीच्या ढेकळांचा ढीग पडला होता. ढेकळे दगडासारखी टणक. बाई त्या ढिगापुढे डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

"काय झालं, ताई?" आम्ही विचारले.

"काय सांगू, गुरुजी! पोळ्याच्या साठ बैलजोड्यांचा विसार घेतला. पैसे पोराच्या शाळेत खर्च झाले. आज माती पाहते, तर तिचा दगड झाला. नवी आणावी, तर तलावात पुरुषभर पाणी. मातीचं सारं घरधनीच पाहत. ते कामाला नागपूरला गेले. आता बैल कशाचे करू?"

मुलगा म्हणाला, "आई, फेकून दे ही माती. विसार परत करू."

"परत कुठून करू, बाबू? पैसे आहेत का घरात?"

इतक्यात आतून सासरे आले. वय झालेले. हात थरथरत होते. त्यांनी एक ढेकूळ उचलले. उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाले, "फेकायचं नाही, सूनबाई. माती रुसली आहे, मेली नाही. तिचं पाणी गेलं, म्हणून ती कडक झाली. पाणी दिलं की परत येते. आव्यात जाऊन भाजली असती, तर गोष्ट वेगळी होती."

"पण मामाजी, मी सकाळी पाणी ओतलं जी. वरून चिखल झाला, आत दगड तसाच!"

"पाणी द्यायचीसुद्धा रीत असते, बाई."

त्या रात्रीचा वर्ग त्याच पडवीत भरला. आजोबांनी सांगितले, आम्ही फळ्यावर लिहिले. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतले. तेच या पाठात देत आहोत. काही गोष्टी आम्ही पुस्तकांतून घेऊन त्यात घातल्या आहेत.

माती कडक का होते?

आपल्या भागात मातीची नावे शेतकऱ्याला पाठ असतात. कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बर्डी. यांतली कन्हार काळी आणि चिकट. सिहारीत रेतीचा अंश जास्त. तलावाच्या तळाशी बसलेला बारीक गाळ कुंभाराच्या कामाचा. आपला मुलूख तलावांचा आहे. नवेगाव बांधचा मोठा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. गावोगावचे जुने तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. माजी मालगुजारी तलाव, म्हणून त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. उन्हाळ्यात या तलावांचे पाणी आटते. तेव्हा कुंभार माती खणून घरी आणतो. पावसाळ्यात तलाव भरतो, मग माती मिळत नाही. आणि मातीचे काम तर पावसाळ्यातच येते. श्रावणात कान्होबा, श्रावणाच्या अमावास्येला पोळा, भाद्रपदात गणपती. म्हणून उन्हाळ्यात आणलेली माती पावसाळ्यात मऊ करता आली पाहिजे. नाही तर हंगाम हातचा जातो.

आता ती कडक का होते ते पाहू. चिकण मातीचे कण फार बारीक असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. ते गोल नसतात, चपटे असतात, पोह्यांसारखे. दोन कणांच्या मध्ये पाणी असते. ओली पाने एकावर एक ठेवली तर ती सरकतात. तसे हे कण पाण्यामुळे एकमेकांवरून सरकतात. म्हणून ओल्या मातीला हवा तो आकार देता येतो.

ऊन लागले की पाणी उडून जाते. कण जवळ येतात आणि एकमेकांना घट्ट धरतात. मग ते सरकत नाहीत. माती आकसते आणि टणक होते. पाऊस लांबला की बांधीला भेगा पडतात ना? त्याचे कारणही हेच. जमीन आकसते, म्हणून ती फाटते. आणि पुन्हा पाऊस पडला की तीच जमीन मऊ होते. बांधीचे जे, तेच कुंभाराच्या ढेकळाचे.

दोन पेल्यांचा प्रयोग

हा प्रयोग घरी जरूर करून पाहा. पैसा लागत नाही.

मातीचे दोन गोळे घ्या. सुपारीएवढे. एक गोळा चुलीजवळ ठेवून पूर्ण वाळवा. दुसरा अर्धवट ओला ठेवा. बाहेरून कडक, आतून दमट. आता दोन पेल्यांत पाणी घ्या. एकेका पेल्यात एकेक गोळा सोडा. हात लावू नका. नुसते पाहा.

वाळलेल्या गोळ्यातून बुडबुडे निघतात. त्याचे पापुद्रे सुटू लागतात. थोड्या वेळात तो ढासळतो आणि पेल्याच्या तळाशी मऊ गाळ होऊन बसतो. अर्धवट ओला गोळा मात्र तसाच राहतो. वरून थोडा बुळबुळीत होतो, इतकेच.

असे का? वाळलेल्या मातीत बारीक बारीक पोकळ्या असतात. त्यांत हवा असते. पाणी झपाट्याने आत शिरते, हवेला बाहेर ढकलते. त्या जोराने माती फुटते. अर्धवट ओल्या मातीत पोकळ्या आधीच पाण्याने भरलेल्या असतात. नवे पाणी शिरायला वाट नसते.

बाईंची चूक इथेच झाली होती. त्यांची ढेकळे वरून कडक होती, पण आतून दमट होती. पावसाळी हवा, पडवीतली ओल. त्यात त्यांनी पाणी ओतले. म्हणून पहिला नियम हा: माती मऊ करायची असेल, तर आधी ती पूर्ण वाळवा. ऐकायला उलटे वाटते. पण खरे आहे.

भिजवण्याची रीत

१. वाळवा. ऊन असेल तर ढेकळे उन्हात पसरा. पाऊस असेल तर छपराखाली पसरा, आणि शेवटी चुलीच्या शेकाला ठेवा. चुलीच्या बाजूला ठेवायचे, चुलीत घालायचे नाही.

२. फोडा. ढेकूळ फोडून सुपारीएवढे तुकडे करा. लहान तुकडा लवकर भिजतो. फोडताना धूळ उडते. ती छातीला वाईट. नाकातोंडाला ओले फडके बांधा. काम अंगणात करा, घरात करू नका. लेकरांना दूर ठेवा.

३. भिजत घाला. हौदात किंवा मोठ्या घमेल्यात तुकडे पसरा. वरून पाणी सोडा. तुकड्यांच्या वर दोन बोटे पाणी राहू द्या.

४. ढवळू नका. दुसरी चूक इथे होते. घाई करून माणूस काठी घालतो. मग तुकड्यांवर चिखलाचा लेप बसतो आणि आत पाणी जात नाही. एक रात्र हात लावू नका. मोठे तुकडे असतील तर दोन रात्री.

५. गाळा. तुकडे विरघळले की मग ढवळा. पातळ चिखल चाळणीतून किंवा जाळीदार कापडातून गाळा. काड्या, मुळ्या, खडे निघून जातात. मोरांड मातीत चुनखडीचे पांढरे खडे असतात. ते नीट वेचा. असा खडा भांड्यात राहिला तर भाजताना त्याचा चुना होतो. पुढे तो हवेतली ओल पितो, फुगतो, आणि भांड्याचा टवका उडतो.

६. निथळा. चिखल खाली बसला की वरचे पाणी काढून घ्या. फेकू नका. त्यात बारीक माती असते. पुढच्या खेपेला तेच पाणी वापरा.

७. आटवा. उरलेला चिखल गोणपाटावर पसरा. गोणपाटाखाली जुनी कवेलू मांडा. कवेलू भाजलेली असतात, ती पाणी ओढून घेतात. चिखल कणकेसारखा झाला की उचला.

८. तुडवा आणि मळा. पायाने तुडवा. मग हाताने मळा. आत हवेचा फुगा राहू देऊ नका. फुगा राहिला तर वस्तूला तडा जातो.

मळून झाली की परीक्षा घ्या. बोटाएवढी जाड वळकटी करा. ती बोटाभोवती गुंडाळा. भेगा पडल्या नाहीत तर माती तयार. भेगा पडल्या तर अजून थोडे पाणी लावून मळा. माती हाताला फार चिकटत असेल तर चाळलेली राख किंवा बारीक रेती थोडी मिसळा. मळलेली माती ओल्या गोणपाटात गुंडाळून आठ-पंधरा दिवस मुरू दिली तर आणखी चांगली होते. आंबवलेल्या पिठासारखी ती वळते.

काय परत येते, काय येत नाही?

वर्गात एका तरुणाने विचारले, "आजोबा, मग फुटका माठ भिजवला तर त्याची माती होईल का?"

आजोबा हसले. त्यांनी छपराकडे बोट दाखवले. "या कवेलूवर किती पावसाळे गेले? झाली का त्याची माती?"

प्रश्न चांगला होता. उत्तर असे आहे. उन्हाने फक्त कणांच्या मधले पाणी जाते. ते परत देता येते. पण आव्यात साधारण ५०० ते ६०० अंशांच्या आच लागली की खुद्द कणांच्या आतले पाणी निघून जाते. उकळत्या पाण्याची उष्णता १०० अंश असते, यावरून अंदाज करा. कणाची घडणच बदलते. मग कितीही भिजवा, माती परत येत नाही. भाजलेल्या खापराचा उपयोग वेगळा. ते कुटून बारीक पूड करा आणि नव्या मातीत थोडी मिसळा. वस्तू कमी आकसते आणि कमी तडकते.

पोळ्याचे मातीचे बैल, भुलाबाई, शाडूचा किंवा साध्या मातीचा गणपती हे भाजलेले नसतात. नुसते वाळवलेले असतात. त्यांची माती परत येते. घरच्या गणपतीचे विसर्जन बादलीत केले तर मूर्ती विरघळते. रंग आधी खरवडून काढा. ती माती पुढच्या वर्षी वापरा, नाही तर तुळशीला घाला. रासायनिक रंग लागलेली माती पाणी पिण्याच्या माठासाठी मात्र वापरू नका.

प्लास्टर ऑफ पॅरिसची गोष्ट निराळी. ती माती नव्हे. जिप्सम नावाचा दगड भाजून तिची पूड करतात. तिच्यात पाणी घातले की ती घट्ट होते आणि तशीच राहते. मातीला पाणी मऊ करते, प्लास्टरला पाणी दगड करते. म्हणून प्लास्टरची मूर्ती तलावात विरघळत नाही, तळाशी पडून राहते. आपले तलाव आधीच गाळाने उथळ झाले आहेत. त्यांत आणखी भर कशाला?

बाजारची रंगीत माती

वर्गात बचत गटातली एक मुलगी होती. तिने पिशवीतून एक पुडके काढले. लाल, निळी, पिवळी अशी माती. तिचे मणी आणि कानातले करतात. तिला 'पॉलिमर क्ले' म्हणतात. मुलगी म्हणाली, "ही मागच्या वर्षी शहरातून आणली. आता कडक झाली. पाण्यात घातली तरी मऊ होत नाही. महाग आहे हो."

ही माती नावाचीच माती. ती खरी माती नसते. ती प्लास्टिकची बारीक पूड असते. तिला मऊ ठेवायला एक तेलासारखा पातळ पदार्थ घातलेला असतो. जर्मनीत १९३० च्या दशकात अशी माती निघाली. आपल्या मातीत जे काम पाणी करते, ते काम हिच्यात तो तेलासारखा पदार्थ करतो. म्हणून हिला पाणी देऊन उपयोग नाही.

ती कडक होते ती दोन कारणांनी. एक, पुडके उघडे राहिले किंवा कागदात गुंडाळले तर कागद ते तेल शोषून घेतो. दुसरे, उष्णता. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. टिनाच्या छपराखाली तर त्याहून जास्त. अशा जागी ही माती हळूहळू भाजली जाते.

म्हणून आधी परीक्षा घ्या. नखाने कोपरा दाबा. भुगा पडला किंवा थोडा खळगा पडला, तर ती वाळली आहे. परत येऊ शकते. बटणासारखी टणक असेल आणि नख मुळीच उमटत नसेल, तर ती भाजली गेली. तिचा नाद सोडा.

वाळलेली असेल तर असे करा. सुरीने पातळ चकत्या करा. हातात धरून ऊब द्या. किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पिशवी कोमट पाण्यात ठेवा. पाणी हाताला सोसवेल इतकेच कोमट. मग चकत्या एकत्र दाबा, बाटलीने लाटा, घडी घाला, पुन्हा लाटा. तरी भुगा पडत असेल तर लहान मुलांच्या अंगाला लावतात त्या बेबी ऑइलचा एक थेंब घाला. एकच थेंब. मळा, पाहा, मग लागला तर दुसरा. तेल जास्त झाले तर माती चिकट होते. तसे झाले तर कोऱ्या कागदावर ठेवा. कागद तेल ओढून घेईल. नवी मऊ माती घरात असेल तर ती थोडी मिसळली तरी काम सोपे होते.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. ही माती तव्यावर किंवा चुलीवर तापवू नका. जास्त तापली तर तिचा विषारी धूर होतो. पक्की करताना पुडक्यावर लिहिलेले अंश वाचा. बहुतेक ११० ते १३० अंश असतात. त्याहून जास्त नको. पुडक्यावरचे अंश आता तुम्हाला वाचता येतात. वाचायला शिकल्याचा हा लाभ. आणि तिच्यासाठी वापरलेली सुरी, लाटणे, पाट स्वयंपाकाला घेऊ नका.

म्हणजे पाहा, तलावाची माती पाण्याने परत येते, बाजारची तेलाने. पण दोहोंचा कायदा एकच: वाळलेले परत येते, भाजलेले येत नाही. टाकण्याआधी एवढे विचारा, ही वाळली आहे की भाजली आहे?

बैल झाले का?

बाईंनी दुसऱ्या दिवसापासून काम धरले. ढेकळे फोडली, चुलीच्या शेकाला वाळवली. पहिल्या घाण्याला मुलाने घाई केली. माती नीट मुरली नव्हती. त्याने काठी घालून ढवळली. त्या मातीच्या बैलांच्या पायांना तडे गेले. आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "भाजले नाहीत ना? मग काय बिघडलं? फोड आणि पुन्हा भिजत घाल."

बाईंनी एक युक्ती केली. एका जुन्या कवेलूवर खडूने तारीख लिहिली आणि ते कवेलू घमेल्यावर ठेवले. कोणती माती कधी भिजत घातली ते त्यावरून कळे. घाई करणाऱ्याला त्या कवेलूकडे बोट दाखवता येई. चार महिन्यांपूर्वी त्यांना आकडा काढता येत नव्हता.

पोळ्यापर्यंत बावन्न जोड्या झाल्या. साठ झाल्या नाहीत. आठ जोड्यांचा विसार बाईंनी विक्रीच्या पैशांतून परत केला. कोणी बोल लावला नाही. पोळ्यानंतर उरलेली माती त्यांनी ओल्या गोणपाटात बांधली, वर तारीख लिहिली आणि गणपतीसाठी ठेवली.

तुमच्याही घरी अशी माती पडली असेल. ती फेकण्याआधी सुपारीएवढा तुकडा पूर्ण वाळवून पेलाभर पाण्यात टाकून पाहा. आणि उन्हाळ्यात तलावातून माती आणायची तर आधी ग्रामपंचायतीला विचारा. पाळीजवळ खणू नका. पाळ फुटली तर सगळ्या गावाचे धान जाते.

शब्द शिका

विसार – काम ठरवताना आधी दिलेले पैसे
आवा – मातीची भांडी भाजण्याची भट्टी
पाळ – तलावाचा बांध
निथळणे – वरचे पाणी काढून घेणे
मुरणे – आतपर्यंत भिजून एकजीव होणे

उत्तरे लिहा

१. अर्धवट ओले ढेकूळ पाण्यात का विरघळत नाही?
२. भिजत घातलेली माती पहिल्या रात्री का ढवळू नये?
३. फुटक्या माठाची पुन्हा माती का होत नाही?
४. बाजारच्या रंगीत मातीला पाण्याऐवजी काय लावतात? किती?
५. तुमच्या गावच्या तलावाचे नाव लिहा. तिथली माती कोणत्या कामाला येते ते चार ओळींत लिहा.